या नावाचं इथे कुणी राहत नाही

लिंडाल, मिनेसोटा
१२ मे २०२५

चि. नरेंद्र,

आशीर्वाद. नको असतील तर बाजूला काढून ठेव, पण पत्र पुढे वाच.

व्हॉट्सॅपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद काढला. तू आणि शोभा नीलकडे जर्सी सिटीत आला आहात हे मला कसं कळलं, असं विचारशील. शोभाने बाल्कनीतला फोटो तिच्या मैत्रिणीला पाठवला, मैत्रिणीने तो मिरजेच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून तो माझ्याकडे आला. पत्ता इलाकडून घेतला. सख्ख्या भावाचा फोटो असा गावाला वळसा घालून यावा! मागे नदी, पलीकडे मॅनहॅटनच्या इमारती, आणि पुढे तू कानटोपी घालून उभा. मे महिन्यात कानटोपी! इथे मिनेसोटात लोक हाफ पँटीत आइस्क्रीम खात फिरताहेत.

आता बातमी. आपल्या इलाचं लग्न ठरलं. चौतिसाव्या वर्षी का होईना, पण स्वतः शोधलं आणि बरं शोधलं. मुलगा देवांग, नोव्हाय नावाच्या गावात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. घरचे मूळ नागपूरचे, त्यामुळे बोलणं मोठं आणि जेवण तिखट. ३० ऑगस्टला इथेच, तळ्याकाठच्या हॉलमध्ये लग्न आहे. गुरुजी शिकागोहून येणार आहेत. परीक्षित आणि सूनबाई निधी याद्या करून करून थकले. तुझे भावोजी फक्त ‘माझा कोट मला होतोय का’ एवढंच बघतात.

मुलीला बोहल्यावर मामा आणतो हे तुला सांगायला नको. तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून मी विचारतच नाही. फक्त कळवते.

आणि एक. परीक्षितच्या लग्नपत्रिकेत तुझं नाव राहिलं ती प्रेसची चूक होती. अकरा वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, आताही तेच सांगते. एका छापखान्याच्या चुकीपायी माणूस भाच्याच्या लग्नाला येत नाही आणि बहिणीशी बोलणं टाकतो, याला काय म्हणावं?

मी सध्या काय करते म्हणशील, तर नोकरी. बिनपगारी, पण खुर्ची माझी आहे. या गावात सगळे मूळचे नॉर्वेचे. त्यांचे पणजोबा दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून आले. जुन्या चर्चच्या तळघरात त्यांचा दप्तरखाना आहे. त्यात चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, बोटींच्या याद्या, वृद्धाश्रमाची रजिस्टरं आणि घराघरांतून आलेल्या पत्रांच्या पेट्या आहेत. मी एकदा सहज आत शिरले. तिथली मुख्य कॅरन म्हणाली, ‘तुम्ही पूर्वी काय करत होता?’ मी म्हटलं, ‘नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणी, एकतीस वर्षं.’ ती उठून उभीच राहिली. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी या नोकरीबद्दल उठून मान दिला.

शोभाला आणि नीलला आशीर्वाद.

तुझी ताई

लिंडाल
३ जून २०२५

चि. नरेंद्र,

पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. रुहीने वाचून दाखवलं, की या नावाचं इथे कुणी राहत नाही. रुही म्हणजे परीक्षितची मुलगी. नऊ वर्षांची आहे, आणि तोंडाने माझ्यावर गेली आहे. ती म्हणाली, ‘आजी, यू रोट बेडगकर. दे आर चिंचणीकर!’

मी लिहिलं बेडगकर, हो. आपल्या वडिलांचं नाव बेडगकर होतं. जन्माच्या नोंदीत तू बेडगकर आहेस आणि ती नोंद मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तू निपाणीला सासऱ्यांच्या घरी राहायला गेलास, ठीक. शोभा एकुलती एक, त्यांच्या कापडाच्या दुकानावर तू बसलास, तेही ठीक. पण सासऱ्यांनी जाता जाता हात धरून सांगितलं म्हणून राजपत्रात छापून आडनाव बदललंस, स्वतःचं आणि नीलचंसुद्धा, ते मला नाही पटलं. नाही म्हणजे नाही. मी पाकिटावर ते लिहिणार नाही. हे पाकीट नीलच्या पहिल्या नावाने आणि फ्लॅटच्या नंबराने पाठवते आहे, आतमध्ये जुनं पत्रही घातलं आहे. पोचेल तेव्हा पोचेल.

बरं, ते जाऊ दे. माझ्या दप्तरखान्यातली एक गंमत सांगते.

अर्लिंग म्हणून एक आजोबा आहेत, सत्त्याऐंशी वर्षांचे. दर मंगळवारी येतात, कॉफी पितात आणि एकच गोष्ट विचारतात. त्यांच्या आजीचं नाव गुनहिल्ड. तिचा धाकटा भाऊ हाल्व्होर. आई लवकर गेली, म्हणून गुनहिल्डनेच त्याला वाढवलं. दोघं बोटीने बरोबर आले, या गावात राहिले. एकवीस वर्षांचा झाल्यावर हाल्व्होर जमीन शोधायला डकोटात गेला. चार वर्षं त्याची पत्रं येत होती. मग गुनहिल्डने लिहिलेली पत्रं परत यायला लागली. एक, दोन, अशी अकरा पत्रं. तिने ती उघडली नाहीत, टाकूनही दिली नाहीत. दोरीने बांधून ठेवली. अर्लिंग दहा वर्षांचे असताना ती वारली, आणि तो गठ्ठा त्यांच्याकडे आला.

घरात सगळे मानत आले, की हाल्व्होर हिमवादळात मेला. आमच्या कार्डावरसुद्धा कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय, ‘हाल्व्होर बाकन, डकोटात मृत्यू, अंदाजे १८९३’. अंदाजे! मृत्यूच्या नोंदीत ‘अंदाजे’ हा शब्द पाहून माझं डोकंच फिरलं. आमच्या नगरपालिकेत असं कुणी लिहिलं असतं तर साहेबांनी वही डोक्यात घातली असती.

अर्लिंग मला म्हणाले, ‘मिसेस शिरगावकर, तो मेला असेल तर हरकत नाही. पण जिवंत असून त्याने तिला उत्तर दिलं नसेल, तर मला ते कळायला हवं. मी लहानपणी तिच्यासाठी रोज पोस्टाची पेटी बघून यायचो.’ ‘शिरगावकर’ म्हणताना त्यांची दमछाक होते, पण पुरतं म्हणतात. एवढ्यासाठीच मी ही केस हातात घेतली.

सगळेच भाऊ उत्तर न देणारे असतात, असं मी त्यांना म्हटलं नाही.

इला विचारत होती, ‘मामाला कळवलंस का?’ मी म्हटलं, कळवलं.

ताई

लिंडाल
२९ जून २०२५

चि. नरेंद्र,

मागचं पत्र परत आलं नाही! म्हणजे तुझ्या घरात आहे. तू वाचलं असशील किंवा शोभाने तुला वाचून दाखवलं असेल आणि तू पेपर पुढे धरून ऐकत नसल्यासारखं केलं असशील. शाळेतलं प्रगतिपुस्तक वाचतानाही तू हेच करायचास.

ऐक, हाल्व्होर सापडला.

तुला माहीत आहे, मी नोंदींच्या बाबतीत माणसाच्या नावावर कधी विसंबत नाही. नाव लोक बदलतात, भटजी चुकवतात, सासू ठरवते. जन्मतारीख आणि जन्मगाव मात्र माणूस बदलत नाही. मी डकोटातल्या सगळ्या नॉर्वेजियन चर्चांच्या सभासद-याद्यांच्या नकला मागवल्या आणि नावाचा रकाना सरळ पोस्टकार्डाने झाकून फक्त तारखा बघत गेले. अक्षर जुन्या वळणाचं, पण मी मोडीतल्या वह्या वाचून बसलेली बाई. त्यांच्या भाषेतले जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू एवढे चार शब्द आले की झालं. सगळ्या जगाची रजिस्टरं त्या चार शब्दांवर चालतात.

चौथ्या दिवशी तारीख जुळली. ३ मार्च १८६८, गाव तेच, वडिलांचं नाव ओले, तेही तेच. पोस्टकार्ड काढलं, तर नाव होतं हाल्व्होर ट्वेट.

कॅरन म्हणाली, ‘पण आपला हाल्व्होर बाकन आहे. हा दुसरा असणार.’ म्हणून त्यांनी आजवर कधी जोडलंच नव्हतं. एक माणूस दोन कार्डांत, एका कार्डावर मेलेला आणि दुसऱ्यावर जिवंत. मी तिला विचारलं, ‘याची बायको कोण?’ सिग्रिड ट्वेट. ट्वेट म्हाताऱ्याची एकुलती एक मुलगी, मोठं शेत. मी टेबलावर थाप मारली आणि मराठीतच ओरडले, ‘घरजावई!’

मग त्यांना समजावून सांगितलं आणि कॅरनलाच तिच्या आजोळच्या गोष्टी आठवायला लागल्या. नॉर्वेत शेताला नाव असायचं, आणि जो त्या शेतावर राहील त्याला ते नाव लागायचं. पुरुष बायकोच्या शेतावर गेला तर त्याचंही नाव बदलायचं, त्यात कुणाला काही वाटत नसे. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच, फक्त आपण गाव सोडलं तरी नाव सोडत नाही. आपल्यापैकी कोण बेडगला राहिलंय? आजोबासुद्धा नाही.

हाल्व्होर ट्वेट १९३१ पर्यंत जगला. सहा मुलं झाली. दर रविवारी चर्चची घंटा तोच वाजवायचा, असं लिहिलंय. आणि नरेंद्र, १८९४ साली त्याला पहिली मुलगी झाली, तिचं नाव त्याने गुनहिल्ड ठेवलं. मी तो कागद अर्लिंगना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, ‘वेल.’ इथली माणसं फार बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी तीन वेळा ‘वेल’ म्हटलं.

या आनंदात कॅरनने जाहीर केलं, की मी आता दप्तरखान्याची अधिकृत सदस्य. तिने मला एक फॉर्म दिला. जन्मनाव, नंतरची नावं. मी लिहिलं, जन्मनाव सुमन दत्तात्रय बेडगकर. नंतरचं, सुवर्णा मनोहर शिरगावकर. कॅरनने दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘दॅट्स डिफरंट.’ मिनेसोटात कुणी असं म्हटलं की समजायचं, माणूस हादरलाय. तिने विचारलं, पहिलं नावही बदललं? मी म्हटलं, हो, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, सगळ्यांना पेढे वाटतात. ‘आणि तुला चाललं?’ मी म्हटलं, ‘मला कुणी विचारलंच नाही.’

रुही शेजारी बसून चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘सो आजी चेंज्ड बोथ नेम्स, अँड नरेंद्र आजोबा चेंज्ड ओन्ली वन. देन व्हाय आर यू मॅड अ‍ॅट हिम?’

मी तिला म्हटलं, चित्र काढ.

हल्लीच्या पोरांना कुठे काय बोलावं कळत नाही. असो. पत्रिकेचा मसुदा परीक्षित करतो आहे. पाऊस बरा आहे. लेफ्सा नावाची बटाट्याची पोळी असते यांची, ती लाटायला मी शिकले, आणि आता चर्चच्या बायका माझ्या पोळीकडे बघून गप्प होतात.

ताई

लिंडाल
२० जुलै २०२५

चि. नरेंद्र,

काल अर्लिंगनी ती अकरा पत्रं उघडायची ठरवली. हाल्व्होरच्या पणतीला डकोटातल्या ग्रँड फोर्क्सहून बोलावलं होतं. ती दारातून आत आली आणि आम्ही सगळे तिच्या नाकाकडे बघत राहिलो. अर्लिंगचंच नाक! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही एकदमच ‘ओह नो’ म्हणाले. मग असे हसले की कॉफी सांडली.

कॅरन पत्रं वाचून इंग्रजीत सांगत होती. मला वाटलं होतं काहीतरी गंभीर असेल. पहिलं पत्र बटाट्यांचं. दुसरं गायीचं. तिसऱ्यात एक ओळ आली, आणि कॅरन थांबली. मग तिने ती ओळ परत वाचली. ‘आपल्या गावच्या क्नूटच्या घरच्यांकडून कळलं, की तू आता स्वतःला ट्वेट म्हणवतोस. मी आहे तोवर पाकिटावर बाकनच लिहीन. पोस्टमास्तरला काय वाटेल ते वाटो.’

तिला माहीत होतं! आठ वर्षं तिला माहीत होतं, की ट्वेट लिहिलं की पत्र पोचेल. तरी तिने दरवर्षी बाकन लिहिलं, पत्र परत आलं, आणि तिने ते गठ्ठ्यात ठेवलं. त्याला वाटलं असेल, बहीण रागावली, लिहीत नाही. तिला वाटलं, हा वाकत नाही. शेवटच्या पत्रात लिहिलंय, ‘तुझ्यासाठी हातमोजे विणलेत. माप जुनंच धरलंय.’ अर्लिंग म्हणाले, ‘ती अशीच होती. पिठाचा डबासुद्धा ती म्हणेल तिथेच ठेवायचा.’ आणि हसले. सगळे हसले. रडले ती मी एकटीच, आणि मी तर त्यांची कुणी लागत नाही.

घरी आले. तुझे भावोजी म्हणाले, ‘काय झालं, कोण गेलं?’ मी म्हटलं, कुणी नाही, चहा करा.

नरेंद्र, आता जे लिहायचं ते लिहिते.

पत्रिकेतलं तुझं नाव प्रेसने गाळलं नाही. मी गाळलं.

तू फोन केला होतास. म्हणालास, ‘ताई, पत्रिकेत आता नरेंद्र चिंचणीकर छाप हं, तेच खरं नाव आहे.’ इतक्या सहज म्हणालास, की मला वाटलं तू आमच्यातून उठूनच गेलास. तू चार वर्षांचा होतास तेव्हा आई गेली. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर बेडगकर मी लिहिलं. प्रूफ आलं तेव्हा प्रेसने तुझं नाव तू सांगितलं तसंच छापलं होतं. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून लाल पेनने रेघ मारली. मनात म्हटलं, बेडगकर नसेल तर काहीच नको. मग तू रागावलास तेव्हा प्रेसचं नाव पुढे केलं. एकदा खोटं सांगितलं, की दर वेळी तेच सांगावं लागतं. मेच्या पत्रातही सांगितलं.

परीक्षितच्या लग्नात गुरुजींनी विचारलं, ‘मुलाचे मामा कुठे आहेत?’ आपला सांगलीचा दूरचा मावसभाऊ पुढे झाला. मी खाली बघत होते. तेव्हा मला कळलं होतं मी काय केलंय. सांगायला अकरा वर्षं लागली, कारण मी एक नंबरची आडमुठी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

आणि रुही म्हणते ते खरं आहे. मी सुमनची सुवर्णा झाले, बेडगकरची शिरगावकर झाले, तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. तू एकदाही विचारलं नाहीस, की ताई, तू आता आमची नाहीस का? उलट माझ्या सासरी येऊन तीन वाट्या बासुंदी प्यायलास. मी आडनाव बदललं तर ती रीत, आणि तू बदललंस तर तो अपमान. हे कुठल्या नियमात बसतं? तू तर मरणाऱ्या माणसाचा शब्द पाळलास. त्यात वडिलांचं काय कमी झालं?

मला माफ कर. असं आपल्यात कधी म्हणत नाहीत, पण लेखी असलेलं बरं.

या पत्राबरोबर इलाच्या लग्नाची पत्रिका आहे. छापून झाली आहे, आता त्यात कुणी काही करू शकत नाही. वाच, ‘मुलीचे मामा-मामी, श्री. नरेंद्र व सौ. शोभा चिंचणीकर’. पाकिटावरचंही नाव बघ. पहिल्यांदाच लिहिलं म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय.

पहिल्या पत्रात मी विचारत नाही म्हणाले होते. आता विचारते. येशील का? तू नाही आलास तर इलाला मामा म्हणून दुसऱ्या कुणालाही उभं करणार नाही. ती एकटी चालत येईल, आणि ते माझ्यामुळे असेल.

ताई

लिंडाल
९ ऑगस्ट २०२५

नरेंद्र, गाढवा,

तुझं पाकीट काल आलं. पोस्टाच्या पेटीशीच उभी राहून उघडलं. शेजारच्या बाई कुत्रं घेऊन जात होत्या, त्यांनी विचारलं, ‘एव्हरीथिंग ओके?’ कारण मी एकाच वेळी हसत आणि शिव्या देत होते, तेही मराठीत.

तुला माहीत होतं! अकरा वर्षं माहीत होतं! ते प्रूफ तुझ्याकडे! प्रेसच्या मालकाने तेव्हाच त्याचा फोटो तुला पाठवला होता, आणि आता नीलने त्याची ही भली मोठी प्रिंट काढून दिली. तुझ्या नावावर लाल रेघ, शेजारी ‘सु. म. शि.’ आणि खाली तारीख! आमच्या खात्यात खाडाखोड केली की बाजूला सही करायची असते, नाहीतर नोंद ग्राह्य धरत नाहीत. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. गुन्हा केला तोही सही-शिक्क्यानिशी, आणि वर अकरा वर्षं प्रेसवर आळ घेत बसले. तू पुराव्याचा कागद खिशात ठेवून गप्प. निपाणीच्या दुकानात बसून हसत असशील!

तुझ्या चिठ्ठीत चारच ओळी आहेत. मला त्या आता पाठ झाल्यात. ‘ताई, चुकीची नोंद ज्याने केली त्यानेच ती दुरुस्त करायची, हे तूच सांगायचीस. म्हणून थांबलो. इलाने मेमध्येच फोन केला होता, २ जूनला तिकिटं काढली. येणार तर होतोच. मामा म्हणून यायचं की पाहुणा म्हणून, एवढंच तुझ्याकडून कळायचं होतं.’

२ जून! मी तुला ते घरजावई-घरजावई करून लिहीत होते तेव्हा तू तिकिटं काढून बसला होतास. इलाला विचारलं, तर म्हणते, ‘आई, मामाने शप्पथ घातली होती यार!’ तिने दोन महिने पत्ता लागू दिला नाही. मामाच्या वळणावर गेली आहे.

ऐक आता. २७ तारखेला दुपारी तुमचं विमान मिनिआपोलिसला उतरतं, परीक्षित न्यायला येईल. शोभाला सांग, पैठणी खुशाल आण, पण एक स्वेटरही टाक. तळ्याकाठी संध्याकाळी गार होतं. कानटोपी आणू नकोस, फेटा आहे. देवांगच्या घरच्यांनी नागपूरहून फेटे बांधणारा माणूस आणलाय, तो तुझंही डोकं बांधेल. अर्लिंग आणि कॅरन लग्नाला येणार आहेत. अर्लिंगना मी सांगितलंय, की मुलीला तिच्या आईचा भाऊ घेऊन येतो. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘दॅट्स नॉट बॅड.’ इथे यापेक्षा मोठी स्तुती नाही.

तुला एकच काम आहे. गुरुजी माइकवर विचारतील, ‘मुलीचे मामा कुठे आहेत?’ तू लगेच बोलू नकोस. जागचा हलू नकोस. त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, आणि चांगलं मोठ्याने देणार आहे. मुलीच्या आईने मांडवात असं ओरडू नये म्हणतात. म्हणू देत.

तुझी ताई